बोर, पण कोणता? एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ लावायची रीत

विदर्भातल्या कुठल्याही गावात ‘बोर’ म्हटलं की एकाच वेळी तीन-चार गोष्टी डोळ्यांपुढे येतात. वावरात मारलेला बोर, बांधावरचं बोर, आणि दुपारी वीज गेल्यावर होणारं बोर. यातलं झाडाचं बोर अस्सल देशी आहे. संस्कृत ‘बदर’वरून ते आलं, इंग्रजीशी त्याचं नातं नाही. बाकीचे बोर इंग्रजीतून आले आणि तेही सगळे एका घरचे नाहीत.

बोलण्यात ओळखायचं तर लिंग बघा. ‘तो बोर आटला’ म्हणजे बोअरवेल. ‘ते बोर किडकं निघालं’ म्हणजे फळ. ‘बोर झालं’ म्हणजे कंटाळा. ‘बोरिंगवरून पाणी आण’ म्हणजे हापशी. छापील इंग्रजीत ही सोय नाही. तिथे शेजारचा शब्द आणि आकड्यापुढचं एकक बघावं लागतं.

शब्दकोश उघडला की आधी डोक्यावरचा आकडा बघा. बी-ओ-आर-ई हा शब्द बऱ्याच कोशांत चार वेळा वेगवेगळा दिलेला असतो, वर बारीक १, २, ३, ४ असतात. ते चार वेगळे शब्द, फक्त स्पेलिंग सारखं. एकेका नोंदीच्या आतले आकडे मात्र त्याच शब्दाचे अर्थ असतात. मुलं हे दोन प्रकारचे आकडे एकत्र करतात आणि ‘भोक पाडणे’ व ‘सोसले’ हे एकाच शब्दाचे अर्थ समजून पाठ करतात.

पहिला शब्द भोकाचा. जुन्या इंग्रजीत ‘बोरियन’ म्हणजे छेद पाडणे. जर्मनमध्ये अजूनही ‘बोरेन’ आहे. लॅटिनमधलं ‘फोरारे’ याच कुळातलं, त्यावरून ‘परफोरेटेड’ आला. म्हणजे बोरात सोडलेला जाळीचा परफोरेटेड पाइप आणि बोर हे नातेवाईकच निघाले. या शब्दाचा अर्थ तीन पायऱ्यांनी सरकला: आधी भोक पाडणे, मग ते भोक, मग त्या भोकाचा आतला व्यास. यंत्राच्या कागदावर बहुतेक वेळा तिसरा अर्थ असतो आणि घोटाळाही तिथेच होतो.

बोअरवेलचंच घ्या. साडेसहा इंची बोर म्हणजे १६५ मिमी मोकळं भोक. बोरात सोडायचा व्ही-४ पंप चार इंची बोरसाठी, व्ही-६ सहा इंची बोरसाठी, म्हणजे किमान १५० मिमी. पण केसिंगवर, म्हणजे भोकात बसवलेल्या पाइपावर, ‘१६०’ लिहिलं असेल तर तो बहुधा बाहेरचा व्यास असतो. पाइपाच्या भिंतीची जाडी ६ मिमी धरली तर आत उरले १४८. व्ही-६ पंपाचा बाहेरचा व्यास साधारण १४० ते १४५ मिमी. त्यात बाजूने केबल, आणि भोक जरासं तिरपं गेलेलं असलं की पंप अडकलाच. वर ओढताना केबल सोलली जाते ती वेगळीच. म्हणून पंप घेताना दुकानदाराला ‘सहाचा पाइप’ सांगू नका, केसिंगचा आतला व्यास मोजून मिलिमीटरमध्ये सांगा.

डिझेल इंजिनाच्या पट्टीवर ‘बोर × स्ट्रोक ८० × ११०’ असं दिसतं. इथे बोर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, दोन्ही मिमीमध्ये. सेंटिमीटर करून ८ × ८ × ११ × ०.७८५ (पायचा चौथा भाग) केलं की सिलिंडरचे ५५३ सीसी येतात. सिलिंडर झिजला की रिबोर करतात, म्हणजे तोच छेद पुन्हा कातून मोठा करतात. अर्धा मिमी कातला तर पिस्टनही ८०.५ चाच हवा. जुन्या पट्टीवरचा आकडा बघून स्टँडर्ड पिस्टन आणला तर तो आत खडखडतो, इंजिन ऑइल खातं आणि निळा धूर सोडतं.

बंदुकीचा बोर सगळ्यात फसवा. ‘बारा बोर’मधला बारा व्यास सांगतच नाही. नळीच्या व्यासाच्या शिशाच्या गोल गोळ्या केल्या आणि एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, बारा बसल्या, तर ती बारा बोर. म्हणून सोळा बोरची नळी बारापेक्षा बारीक. बाराचा व्यास सुमारे १८.५ मिमी भरतो. उलट परवान्यावरचं ‘३१५ बोर’ म्हणजे ०.३१५ इंच, आठ मिमी. शब्द तोच, मोजायची रीत मात्र वेगळी.

औषधाच्या डब्यावर ‘बोअरर’ दिसला की ‘पोखरणारी’ असं वाचा. ‘पॉड बोअरर’ म्हणजे हरभऱ्या-तुरीवरची घाटे अळी, ‘स्टेम बोअरर’ म्हणजे भंडारा-गोंदियाकडच्या धानावरचा खोडकिडा. घाटे अळी डोकं घाट्यात खुपसते आणि बाकीचं अंग बाहेर ठेवते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत पोचू शकतो. खोडकिडा पूर्ण आत जातो. गाभा पिवळा पडून ओढताच हातात आला म्हणजे तो आत आहे. अंगावर पडून मारणारं औषध तेव्हा फारसं लागू होत नाही. अंडी फुटण्याच्या सुमारास मारलं तर उपयोग. कपाशीची ‘बोलवर्म’ या यादीत घालू नका. तिथे ‘बोल’ म्हणजे बोंड, स्पेलिंगही बी-ओ-एल-एल.

दुसरा शब्द कंटाळ्याचा. तो अठराव्या शतकातला आहे, त्याचं मूळ कोशांनी अनिश्चित ठेवलंय. इथे एकच चूक टाळायची. कंटाळा आला तर ‘आय ॲम बोअर्ड’. ‘आय ॲम बोअरिंग’ म्हटलं तर ‘मीच कंटाळवाणा आहे’ असा अर्थ होतो, आणि आपल्या गावात ऐकणाऱ्याला वाटेल, हा स्वतःला हापशी म्हणतोय.

तिसरा शब्द भरतीच्या लाटेचा. मूळ उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘बारा’, म्हणजे लाट. भरतीचं पाणी नदीच्या मुखातून भिंतीसारखं उलटं चढतं तो ‘टायडल बोर’, हुगळीत येतो. विदर्भात त्याची गाठ भूगोलाच्या पुस्तकातच पडायची.

चौथा ‘बेअर’चा भूतकाळ: सोसलं, वाहिलं, फळ धरलं. संस्कृत ‘भृ’ धातू आणि हा शब्द एकाच मुळाचे, आपला ‘भार’ त्यातलाच. ओळख सोपी आहे. मागे कर्ता, पुढे कर्म, आणि घडून गेलेली गोष्ट. ‘द ट्री बोर फ्रूट’ म्हणजे झाडाला फळं आली. झाड बोरीचं असलं तरी या वाक्यातला बोर फळ नव्हे. भोकाच्या शब्दाचा भूतकाळ ‘बोअर्ड’ होतो, त्यामुळे पेपरात ‘बोर’ भूतकाळ म्हणून आला तर तो हाच.

श्रुतलेखनात आणखी एक येतो: बी-ओ-ए-आर, रानडुक्कर. उच्चार बहुतेकांच्या तोंडी सारखाच, म्हणून पूर्ण वाक्य ऐकल्याशिवाय लिहू नये. आणि इतिहासात १८९९ ते १९०२ चं बोअर युद्ध येतं, ज्यात गांधीजींनी जखमींसाठी पथक काढलं होतं. त्या बोअरचा भोकाशी, डुकराशी, कंटाळ्याशी काही संबंध नाही. डच भाषेत तो शब्द शेतकऱ्याला आहे.