टेस्टोस्टेरॉन तपासायचंय? सकाळी या, भो

भुसावळला एका लॅबमध्ये मी रक्त काढतो. दुपारी चारला कोणी टेस्टोस्टेरॉनची चिठ्ठी घेऊन आला की त्याला मी परत पाठवतो. मालक कुरकुरतात, कुरकुरू द्या. हा पुरुषी हार्मोन पहाटे-सकाळी भरात असतो आणि दिवस चढेल तसा उतरतो, तरुणांमध्ये तर जास्तच. म्हणून ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी यायचं. पाणी प्यायलं तरी चालेल, चहा-पोहे मात्र रक्त दिल्यावर.

रेल्वेच्या रनिंग स्टाफने एवढ्यावर थांबू नये. रात्रभर गाडी चालवून सकाळी ८ ला थेट आलात, तर घड्याळात सकाळ असते, शरीरात नसते. रात्रीची झोप नीट झाली असेल त्या दिवशी या. ताप असेल तर बरे होईपर्यंत थांबा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा; काही मशीनवर त्यांच्यामुळे आकडा चुकीचा येतो.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक बघा. एक जण घाबरून फोनवर सांगत होता, "मित्राचं ४५०, माझं फक्त ४.५!" त्याचा रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये होता, मित्राचा नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये, आणि एक डेसिलीटर म्हणजे १०० मिलीलीटर. म्हणजे दोघांचं सारखंच. मोठ्या पुरुषात साधारण ३०० ते १००० प्रति डेसिलीटर धरतात, पण तुमच्या रिपोर्टवर छापलेली रेंजच खरी माना.

एकदा कमी आलं म्हणून आजार ठरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करा, आणि लैंगिक इच्छा कमी होणं, सकाळचा ताठरपणा जाणं, दाढी विरळ होणं असं काही होतंय का, ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दोन्ही वेळा कमी आलं तर डॉक्टर एलएच या दुसऱ्या हार्मोनची तपासणी लिहून देतात. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच सोडते, तेव्हा वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड बहुधा वृषणात, नसेल तर वर, पिट्युटरीच्या बाजूला.

जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचत असेल तर हे आधी वाचा. बाहेरून माल आला की पिट्युटरी गप्प बसते, वृषणांचं काम थंडावतं, शुक्राणू घटतात. लग्न ठरलेली पोरंही हे घेतात, काय बोलणार! घेत असाल तर रक्त देताना मला सांगा. घरी कळणार नाही, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते लिहिलेलं पाहिजे.