ई-संजीवनीवरून घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला कसा घ्यावा

खेड्यातल्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात जायचे म्हटले की डॉक्टरांच्या फीपेक्षा एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरीच अधिक जड जाते. हा खर्च टाळता यावा म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ‘ई-संजीवनी’ ही सेवा एप्रिल २०२० पासून रुग्णांना थेट घरून वापरता येते. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या मोहाली केंद्राने ती विकसित केली असून सल्ल्यासाठी पैसे लागत नाहीत.

मात्र छातीत कळ, श्वास लागणे, बेशुद्धी, अंगाची एक बाजू लुळी पडणे असे काही असेल तर मोबाइल हाती घेऊन रांगेत थांबू नये. सरळ १०८ क्रमांकाला फोन करावा.

अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडून मोबाइल क्रमांक टाकला की ओटीपी येतो. त्यानंतर रुग्णाचे नाव, वय व तक्रार भरून ओपीडी निवडावी आणि आपली पाळी येईपर्यंत अ‍ॅप बंद करू नये.

खरे महत्त्व डॉक्टरांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलआधीच्या तयारीला आहे, कारण पलीकडच्या डॉक्टरांना नाडी पाहता येत नाही, त्यांना आपल्या सांगण्यावरच विसंबावे लागते. ताप कधीपासून आहे, रक्तदाब वा साखर शेवटची किती भरली, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे कागदावर लिहून ठेवावे. चालू गोळ्यांची पाकिटे जवळ असावीत. मेडिकलवाल्याने कात्रीने कापून दिलेल्या चार गोळ्यांवर बहुधा नाव अर्धेच उरते. तेव्हा ‘पांढरी छोटी गोळी’ असे सांगण्यापेक्षा जुनी चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरलेली केव्हाही चांगली. वडीलधाऱ्यांसाठी कॉल लावला असला तरी त्यांना स्वतःच बोलू द्यावे, आपण फक्त राहिलेले सांगावे, कारण कुठे आणि कसे दुखते हे त्यांच्याइतके नेमके दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा रेंज येत नाही, त्यांनी जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जावे. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजून, रुग्णाला शेजारी बसवून याच यंत्रणेतून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी बोलणे करून देतात. माझ्या मते वृद्धांसाठी हाच मार्ग अधिक भरवशाचा आहे.

सल्ला संपल्यावर मिळणारी ई-चिठ्ठी लगेच फोनमध्ये जतन करावी. औषधे घेण्यापूर्वी ‘जनऔषधी सुगम’ अ‍ॅपमध्ये औषधाचे मूळ (कंपनीचे नव्हे, जेनेरिक) नाव शोधावे, म्हणजे जनऔषधी या स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतील किंमत आणि जवळचे केंद्र दोन्ही कळते. नाव जुळले तरी मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहावा आणि तो वेगळा असेल तर औषध घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट, कारण तिथे पुष्कळांची गफलत होते: १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडण्यासाठी आहे, तर रुग्णालयातील उपचारांचा खर्च उचलणारे आयुष्मान कार्ड वेगळे असते. ‘आभा’ काढले म्हणून विमा मिळाला असे समजून कोणी शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये. त्याआधी आयुष्मान भारतच्या १४५५५ या क्रमांकावर आपली पात्रता विचारून घ्यावी.