रेडिएटरचा पाइप बदलताना: गॅरेजात नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ ट्रेड एका वर्षाचा. तो करून बाहेर पडलेलं पोर बेळगावात उद्यमबागेत नाहीतर खानापूर रोडला एखाद्या गॅरेजात लागलं, की मेस्त्री त्याला लगेच इंजिनाला हात लावू देत नाही. आधी ऑइल, मग फिल्टर, आणि मग एक दिवस पिकअपचा गळका कूलंट पाइप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी रेडिएटरकडे नेणारा-आणणारा रबरी पाइप. काम किरकोळ वाटतं. दोन क्लिपा सोडायच्या, जुना पाइप ओढायचा, नवा घालायचा. पण याच कामाची गाडी परत दारात येताना मी सगळ्यात जास्त बघितलीये. पाना चालवायला सगळे शिकवतात, कधी थांबायचं ते कोण सांगत नाही.

आपल्याकडचे निम्मे पिकअप गोव्याच्या भाजीवर. बेळगावच्या मार्केटात माल भरायचा, जांबोटीवरून चोर्ला घाट उतरायचा. गंमत बघा, माल असतो तेव्हा गाडी उताराला, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. रिकामी गाडी घाट चढून वर यायला लागली की खालच्या गिअरात इंजिन तापतं, पाइपात दाब वाढतो आणि क्लिपेजवळची बारीक चीर उघडते. मग ड्रायव्हर ओढ्याचं पाणी ओतत ओतत येतो आणि वर म्हणतो, “भरून गेलो तवा काय नव्हतं, रिकामी आल्यावर काय झालं हिला?” कोणी कन्नड बोलणारा असला तर “भाळ बिसी आगतैतरी” म्हणत बॉनेट उघडूनच उभा राहतो. दोघांनाही गाडी आत्ताच्या आत्ता पाहिजे असते.

इथे पहिलं थांबणं. गरम रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही, मालक डोक्यावर उभा असला तरी नाही. टोपणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, साधारण १ बारच्या आसपास. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचावर, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी इथे शंभर अंशाच्या थोडं आधीच उकळतं. बंद रेडिएटरात त्या दाबाखाली तेच पाणी ११० अंशांना सुद्धा उकळत नाही. टोपण सैल केलं की दाब एकदम उतरतो आणि आतल्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ होऊन ती हातातोंडावर येते. वरचा पाइप मुठीत धरता येईल आणि दाबल्यावर मऊ लागेल, तेव्हाच टोपण. तेही फडकं ठेवून, हळू.

तोवर रिकामं बसायचं नाही, बघायचं. गळतीची जागा ओली असेलच असं नाही; गरम इंजिनावर कूलंट वाळून पांढरट-हिरवट खपली धरतं, ती शोधा. ड्रायव्हरने पाइपाला सायकलची ट्यूब गुंडाळली असेल तर ती सोडा, खालची चीर दिसेल. गाडी गार झाल्यावर पाइप टोकांशी चिमटून बघा, कारण रबर बहुतेक वेळा क्लिपेजवळच आतून सडतं. पाइप फुगून चिकट मऊ झाला असेल तर वरून कुठूनतरी ऑइल किंवा डिझेल टपकतंय. ते बंद केलं नाही तर नवा पाइपही तसाच जाणार. सकाळी गार गाडीचा पाइप आत ओढल्यासारखा चपटा दिसला तर टोपणातला उलटा वॉल, म्हणजे गार होताना आत घेणारी झडप, अडकलाय. आणि गार इंजिन चालू करताच पाइप दगडासारखा कडक होत असेल, रेडिएटरात बुडबुडे येत असतील, तर गप मेस्त्रीला हाक मारा. तिथे हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पत्र्याचा, संशय धरायचा, पाइप बिचारा निमित्त.

कूलंट काढायचं ते बादलीत. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. गॅरेजाच्या दारात कुत्री असतात, खेड्याकडे वासरं फिरतात. गटारात तर सोडूच नका.

जुना पाइप चिकटून बसला तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटली की शेकड्यांतलं काम हजारांत जातं. पाइप पिळून बघा, नाहीच सुटला तर ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढा. तो कोणाला परत लावायचाय? फक्त ब्लेड नळीला लागू देऊ नका. तोच तुकडा घेऊन स्पेअरच्या दुकानात जा, वाक आणि आतला व्यास जुळवून घ्या. सरळ पाइप वाकवून बसवला की मोडीवर चेपतो. खालच्या पाइपात स्प्रिंग असेल तर नव्यातही पाहिजे, कारण ती वॉटर पंपाची ओढणारी बाजू, स्प्रिंगेशिवाय पाइप आत चपटतो.

नळीवरचा खार बारीक पॉलिश पेपरने काढा. पाइप सरकवायला ग्रीस किंवा ऑइल नको, थोडं कूलंट लावलं की जातो. क्लिपा आधी पाइपात ओवून घ्या, आणि नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा. रबर क्लिपेच्या खाचांतून वर यायला लागलं म्हणजे जास्त आवळलं.

भरायचं ते कूलंट, कंपनीने सांगितलेलं. नुसत्या रंगावर जाऊ नका, एकाच रंगात वेगवेगळी येतात. पाणी मिसळायचं तर डिस्टिल्ड. बोअरचं घातलं की रेडिएटरात खार धरतो. सावकाश ओता, गाडीचं तोंड चढाला असलं तर बरं, हीटर असेल तर गरमवर फिरवून ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर सोडा. मग इंजिन चालू. वरचा पाइप बराच वेळ गार राहतो आणि एकदम गरम होतो, म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, उघडला. पाइपाची दोन्ही टोकं आरशाने, टॉर्चने बघा. पंख्यापासून बाह्या आणि गळ्यातला टॉवेल लांब.

आता दुसरं थांबणं, सगळ्यांना जड जाणारं. गाडी बंद करून पूर्ण गार होऊ द्यायची, मग टोपण काढून पातळी बघायची. आत अडकलेली हवा निघून गेली असेल तर पातळी उतरलेली असते, भरायची. क्लिपाही गार झाल्यावर एकदा तपासायच्या. “अण्णा, सोडा की आता, मार्केट गाठायचंय,” असं ड्रायव्हर म्हणणारच. चहा मागवा.

गाडी देताना सांगायचं, उद्या सकाळी चालू करायच्या आधी कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. कमी असेल तर घालायला मिसळलेलं कूलंट कॅनमधून द्या, वर ‘कूलंट, पिऊ नये’ असं मराठी-कन्नडात लिहून. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून देऊ नका, केबिनमध्ये क्लीनरला तहान लागलेली असते.