क्विझ बोलच्या निकालपत्रात आधी काय बघायचं

क्विझ बोल म्हणजे दोन संघांत बझर दाबून खेळायची प्रश्नमंजूषा. तिची स्पर्धा संपली की मुलं पहिल्यांदा जिंकल्या-हरल्याचा रकाना शोधतात. खेळायचे तेव्हा मीही तेच करायचे. आता संघाची तयारी करून घेते, आणि तो रकाना सगळ्यात शेवटी बघायला सांगते.

आधी बघा बोनसची सरासरी. टॉसअप म्हणजे दोन्ही संघांना एकदम विचारलेला प्रश्न; त्याला बझर दाबून एकट्यानं उत्तर द्यायचं. ते बरोबर आलं की संघाला तीन भागांचा बोनस, प्रत्येक भाग १० गुणांचा, आणि इथे आपसात बोलायला मुभा. समजा, तुम्ही २ टॉसअप लवकर बझर दाबून १५ गुणांना आणि ८ टॉसअप नेहमीच्या १० गुणांना घेतले, ४ नेग (प्रश्न मध्येच तोडून दिलेलं चुकीचं उत्तर, उणे ५) खाल्ले. ३० आणि ८० मिळून ११०, त्यातून २० गेले, राहिले ९०. एकूण गुण २३० असतील तर बोनसचे १४० झाले. दहा बोनसवर सरासरी १४.

टॉसअप किती हाती लागतात हे समोर कोण बसलंय त्यावरही ठरतं. बोनस मात्र तुमचा तुम्हालाच आधी विचारतात, म्हणून हा आकडा तुमच्या अभ्यासाचा खरा. तीन भागांत सहसा एक सोपा, एक मध्यम, एक अवघड असतो. सरासरी १० च्या आसपास असेल तर सोपेच भाग येताहेत, २० ला पोचलात तर मध्यमही जमू लागलेत. तुलना मात्र एकाच प्रश्नसंचावर खेळलेल्या संघांशीच करा.

मग नेग. प्रश्न मध्येच तोडून चुकलात की उणे ५. कागदावर किरकोळ दिसतं, पण उरलेला प्रश्न समोरच्यांना निवांत ऐकायला मिळतो. त्यांनी १० घेतले, वर बोनसचे ३० घेतले, की अंतर ४५ चं झालं! माझ्या संघातल्या एका मुलीनं ११ सामन्यांत १९ नेग खाल्ले होते. तिला घेऊन एकेक प्रश्न पुन्हा वाचला. अभ्यास पक्का होता. अडचण अशी, की पहिल्या ओळीतला अवघड धागा ऐकून जे पहिलं नाव सुचेल त्यावर ती बझर दाबायची. मग सरावात तिला एकच नियम घातला: दाबण्याआधी या धाग्यात बसणारं दुसरं नाव मनात आणायचं, आणि ते कटलं तरच दाबायचं. पुढच्या स्पर्धेत तेवढ्याच सामन्यांत ७ नेग.

वैयक्तिक गुणांवरून कुणाला कमी लेखू नका. शेजारी तोच विषय जाणणारा तगडा खेळाडू असला की दुसऱ्याचे गुण आपोआप आटतात.

क्रमवारी वाचताना गट बघा. सकाळच्या निकालावरून दुपारी नवे गट पडले असतील, तर वरच्या गटात तीनदा हरलेला संघ खालच्या गटात सगळं जिंकलेल्याच्या वर असतो.

आणि प्रश्नसंच इतर ठिकाणी वापरून व्हायचा असेल, तर तोवर त्यातला एकही प्रश्न संघाबाहेर बोलायचा नाही.