बदलीच्या गावी घर शोधताना आधी गेट विचारा

लष्करी बदलीचा आदेश हातात पडला की पहिली धाव घरांच्या फोटोंकडे जाते. जरा थांबा. आधी एवढंच विचारा: तळाच्या नेमक्या कोणत्या गेटमधून रोज आत जायचं आहे? मोठ्या तळांना अनेक गेट असतात, काही ठरावीक वेळीच उघडतात. नकाशावर तळाला चिकटून दिसणारं घर मग भलत्याच बाजूला निघतं. त्या गेटपर्यंतचा प्रवास ड्युटीच्या वेळेला किती लागतो ते बघा, रविवारी दुपारी नव्हे.

जाऊन बघायला 2 दिवसच मिळाले तर दहा घरं पालथी घालू नका. एक दिवस वस्त्या हिंडा, दुसऱ्या दिवशी तीन-चार घरं. आवडलेल्या घरापाशी रात्री 9 नंतर पुन्हा चक्कर मारा. पार्किंग, अंधार, शेजारचा गोंगाट तेव्हाच कळतो.

जाताच येत नसेल तर तिथे आधीच राहणाऱ्या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगा. एजंटचा कॅमेरा ओल आलेल्या भिंतीकडे सहसा वळत नाही! नळ सोडायला, खिडक्या उघडायला लावा. कुणीच घर पाहिलेलं नसताना आगाऊ पैसे मात्र पाठवू नका.

बदली झाल्यास मुदतीआधी घर सोडता येईल, असं कलम करारात लिहून घ्या. नोटीस किती दिवसांची आणि अनामत कधी परत, हेसुद्धा. तोंडी 'बघू नंतर' नको. शाळाप्रवेश पत्त्यावर ठरत असेल, तर सहीआधी फोन शाळेला करा, घरमालकाला नव्हे.