मिलिटरीची जुनी खांद्याची बॅग: रानातल्या एका दिवसासाठी

येऊरच्या रानात मी झाडं बघायला जाते, आणि झाडं बघणाऱ्याची चाल अगदी संथ असते. कहांडळाची साल बघायला थांबायचं, वही काढायची, मग भिंग, तेवढ्यात वर हळद्या ओरडला की दुर्बीण. पाठीवरच्या सॅकबरोबर हे होत नाही. दर वेळी ती उतरवायची, चेन उघडायची, शोधायचं, परत चढवायची. दोन-तीनदा केलं की कंटाळा येतो आणि वही आतच राहते. खांद्यावरून आडवी घातलेली, कमरेशी लटकणारी जाड कॅनव्हासची बॅग मात्र चालता चालता उघडते. लष्करानं या बॅगा नेमक्या याच कामासाठी बनवल्या: हात घालताक्षणी वस्तू मिळाली पाहिजे.

ती कुठे न्यायची नाही हे आधी सांगते. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारखा कातळटप्पा, लोखंडी शिड्या, दोन्ही हात लागतील अशी कुठलीही चढण, तिथे बाजूला झुलणारी बॅग धोक्याची. तोल जाण्याच्या क्षणीच ती पुढे येते. तिथे पाठीवरची सॅकच घ्या. कर्नाळा, फणसाड, येऊर, भीमाशंकरच्या पठारावरच्या पायवाटा, अशा सपाट किंवा हलक्या चढाच्या रानासाठी ही बॅग.

पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार इथे अशा बॅगा बघायला मिळतात. ऑनलाइनही मिळतात, पण जुना कपडा हाताने चाचपल्याशिवाय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश पद्धतीची, १९३७ पॅटर्नची छोटी हॅवरसॅक मिळाली तर सोडू नका. साधारण ११ बाय ९ बाय ४ इंचांची, म्हणजे जेमतेम साडेसहा लिटरची. आत उभा पडदा असतो आणि एका बाजूचे परत दोन भाग केलेले असतात, एक डब्यासाठी आणि एक पाण्याच्या बाटलीसाठी. तिला खांद्याचा लांब पट्टा वेगळा जोडावा लागतो. त्या काळी हिंदुस्थानात बनलेल्या सामानावर बाणाचं चिन्ह आणि त्याखाली रोमन ‘आय’ अक्षर छापलेलं सापडतं. युरोपातल्या सैन्यांच्या गॅस मास्कच्या पिशव्याही चांगल्या. त्या खांद्यावर अडकवायलाच शिवलेल्या असतात. फक्त आत मास्क आणि फिल्टर असेल तर तो घरी आणू नका, उघडूनही बघू नका. जुन्या काही फिल्टरांमध्ये ॲस्बेस्टॉस आहे. पिशवीच तेवढी घ्या.

हातात आली की उलटी करा. आतली शिवण बाहेरच्या शिवणीपेक्षा जास्त खरं सांगते. पट्टा जिथे जोडलाय तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई हवी; नुसती आडवी एक रेघ असेल तर ती भर चालीत तुटणार. पट्टा खाटेच्या नवारीसारखा जाड, घट्ट विणलेला हवा. तळाचे दोन कोपरे चिमटीत धरून ओढा. कुजलेला कॅनव्हास फाटताना टर्रकन आवाज न करता मऊ कागदासारखा सुटतो. असा तुकडा फुकट मिळाला तरी नको. उडालेला रंग, तेलाचे डाग, कुणाचा तरी नंबर, यांनी काही बिघडत नाही. पितळी बक्कल कळकलेलं असेल तर चिंच आणि मीठ लावून घासलं की निघतं.

एका बाबतीत मी कडक आहे. छापील कॅमोफ्लाज घेऊ नका, साधी खाकी किंवा हिरवी घ्या. भारतीय सैन्यानं १५ जानेवारी २०२२ रोजी नवी लढाऊ वर्दी पुढे आणली आणि तिचं कापड खुल्या बाजारात विकायला मनाई आहे. आपण सैनिक आहोत असं भासवायला गणवेश किंवा खूण वापरणं हा गुन्हाच. फाटकावरच्या वनरक्षकाला दुरून कोण येतंय ते कळायला हवं. गडचिरोलीकडे जाणार असाल तर हिरवी बॅगही घरी ठेवा, साधी शबनम न्या.

धुताना मशीन नको. थंड पाणी, रिठा, मऊ ब्रश, आणि सावलीत उलटी टांगून वाळवणं. घट्ट विणीच्या कॅनव्हासचे धागे भिजले की फुगतात आणि वीण आणखी आवळते, त्यामुळे हलकी सर तो अंगावर घेतो. जास्त पावसासाठी मेण लावता येतं. दोन भाग पॅराफिन, म्हणजे साधी मेणबत्ती, आणि एक भाग मधमाश्यांचं मेण. पातेल्यात पाणी गरम करून त्यात वाटी ठेवून वितळवा. थेट आचेवर मेण कधीही नको, पेट घेतं. ब्रशने गरम गरम लावा आणि हेअर ड्रायर फिरवून कापडात मुरू द्या. मी फक्त झाकण आणि तळ मेणवते. सगळी बॅग मेणवली तर उन्हाळ्यात चिकट होते, धूळ धरते, आणि पट्ट्याचं मेण शर्टाला लागतं ते वेगळंच.

आता भरणं. पाण्यासकट साडेतीन किलोच्या वर जाऊ नका, कारण सगळं वजन एका खांद्यावर आहे. पाणीच दोन लिटर म्हणजे दोन किलो, तेव्हा उरलेल्या दीड किलोत दिवस बसवायचा. बाटल्या अंगाकडच्या बाजूला, उभ्या. फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काकडी. ओआरएसची पुडी, क्रेप बँडेज, शिट्टी, छोटी टॉर्च तळाशी एकाच थैलीत, कारण ती रोज लागत नाहीत. वही, पेन्सिल, भिंग सगळ्यात वर, आणि कायम त्याच जागी. हाताला जागा पाठ झाली पाहिजे, डोळे झाडावरून हलता कामा नयेत. रेनकोट आत बसत नाही. गुंडाळी करून झाकणाच्या पट्ट्यांखाली अडकवा.

पट्टा एवढा ठेवा की बॅगेचा वरचा काठ कमरेच्या हाडाशी येईल. खाली लोंबली तर दर पावलाला मांडीवर आपटते. बरोबर एक सुती पंचा हवाच. सपाटीवर तो घडी घालून खांद्यावर पट्ट्याखाली ठेवायचा, उतारावर बॅगेवरून कमरेला बांधायचा म्हणजे ती झुलत नाही. घाम पुसायला आहेच. तासाभराने खांदा बदला, दुखायला लागण्याची वाट न बघता.

थांबल्यावर बॅग जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात जळवा, उन्हाळ्यात गोचिडी. फांदीला अडकवा, पण आधी फांदीभर नजर फिरवा. पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं असेल तर दुसरं झाड शोधा.

पावसाळा संपला की कॅनव्हासला खरा त्रास होतो तो कुसळांचा. गवत वाळलं की कुसळं खरखरीत कापडात घुसतात आणि तिथून चालणाऱ्याच्या कमरेत. टोकाकडून ओढली तर तुटून आत राहतात. बोथट सुरी कापडावर आडवी धरून, ज्या दिशेने ती शिरली त्याच्या उलट खरवडा. खाजकुइलीचं प्रकरण याहून गंभीर. हिवाळ्यात तिच्या शेंगांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही उडते, आणि बॅग घासून गेली तर पट्टाभर बसते. अशा वेळी हाताने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसूही नका, लव आणखी रुतते. रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि उचला, दर वेळी नवा तुकडा, पट्टा हाताला स्वच्छ लागेपर्यंत. मी चिकटपट्टीची छोटी गुंडाळी पेन्सिलीवरच करून ठेवते.

घरी आल्यावर सगळं काढून बॅग उलटी करा, भाकरीचे कण झटका, नाहीतर झुरळं आणि उंदीर येतात. जून ते सप्टेंबर ती कपाटात बंद ठेवू नका, बुरशी धरते. वारा लागेल अशा खुंटीला टांगा. शिवण उसवायला लागली की चपला शिवणाऱ्या मोच्याकडे न्या. त्याच्याकडे मेणवलेला दोरा आणि जाड सुई असते. पट्ट्याचा जोड शिवताना चौकोन आणि फुली घालायला त्याला आठवणीने सांगा.