कंबर धरलीय, जरा हललं तरी कळ येते? मग काय करायचं

गेल्या पावसाळ्यात बाथरूममधली भरलेली बादली वाकून उचलली आणि कमरेत अशी उसण भरली की दाराची चौकट धरून पाच मिनिटं तसाच उभा होतो, शिंक आली तरी डोळ्यात पाणी यायचं. घरचे म्हणाले झोपून रहा, मी चार दिवस गादीवरून हललो नाही आणि पाचव्या दिवशी कंबर लाकडासारखी झाली. ही चूक तुम्ही करू नका, म्हणून एवढं लिहितोय.

आधी एक बघा. लघवी अडलीय किंवा कपड्यात होतेय, संडासवर ताबा नाही, मांड्यांच्या मध्ये बधिर वाटतंय किंवा पायातला जोर गेलाय, तर घरी एक तासही न थांबता सरळ हॉस्पिटल गाठा. सोबत ताप असेल, पडल्यावर दुखायला लागलं असेल, वजन उगाच उतरत असेल किंवा आधी कॅन्सर झालेला असेल तरी डॉक्टरांना लगेच दाखवा.

यातलं काही नसेल तर बहुतेक वेळा स्नायू-सांध्यांचं दुखणं असतं आणि काही आठवड्यांत बरंच कमी होतं. पहिले एकदोन दिवस आराम ठीक, पण अधूनमधून उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चालायचंच, थोडं दुखलं तरी चालेल, मात्र कळ पायात खाली खाली उतरायला लागली तर थांबायचं.

सगळ्यात जास्त त्रास अंथरुणातून उठताना होतो. उताणं असताना एकदम उठून बसायचं नाही. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकत्रच कुशीवर वळवायची, मग पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडता सोडता हाताने गादीला रेटा देऊन बसायचं, आणि उभं राहायच्या आधी दोन श्वास घ्यायचे. मला फिजिओथेरपिस्टने हे शिकवलं त्या दिवशी मी पहिल्यांदा न कण्हता उठलो. झोपताना उताणे असाल तर गुडघ्याखाली उशी, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांच्या मध्ये.

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, बरं वाटतं. दुखण्याची गोळी उपाशीपोटी नको, आणि बीपी, किडनी किंवा अल्सरचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. पट्टा दिवसभर बांधून बसू नका. भारतीय पद्धतीच्या संडासात बसवत नसेल तर थोडे दिवस कमोडची खुर्ची आणा, त्यात लाजायचं काय!

आणि हात जोडून सांगतो, पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्यायला जाऊ नका, आमच्याकडे अजून लोक जातात. आत हाडाला किंवा मणक्यांमधल्या गादीला इजा असेल तर ते फार महागात पडेल. एमआरआयचीही घाई नको, काही त्रास नसलेल्या माणसांच्याही एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते.

बरं वाटल्यावरही महिनाभर जड उचलू नका, भरलेला गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो, तो दुसऱ्याला सांगा. बादली उचलायचीच तर अगदी जवळ उभं राहून, गुडघ्यात वाकून, अंगाला लावून उचला आणि उचलल्यावर कमरेत पीळ न देता पाय फिरवून वळा. मी आता अर्धीच भरतो, दोन खेपा होतात.